दोन मिलिमीटर सुरखी

मे महिना सरत येतो. शाळा उघडायला दोन-तीन आठवडे उरलेले असतात, वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू झालेली असते आणि दुपारी अडीचच्या सुमारास दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक तांबूस आयत दिसू लागतो. पॅरिसमधील फ्रेंच टेनिस स्पर्धा सुरू झालेली असते. एका वर्षी सुट्टीसाठी आलेली माझी आठवीतली पुतणी हे सामने पाहत होती. मध्येच तिने विचारले, "काका, पाऊस आला की आमच्या शाळेच्या मैदानावर चिखल होतो. यांच्या मातीचा का होत नाही?"

"पाऊस आला की ते ताडपत्री घालतात," मी म्हणालो.

"पण आता तर ते स्वतःच नळीने पाणी मारताहेत!"

पाहतो तो खरेच, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात कामगार जाड नळी धरून सगळ्या कोर्टावर सडा घालत होते. पदार्थविज्ञानात आयुष्य घालवलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले, ते निम्मे विज्ञान होते आणि निम्मा इतिहास. शिक्षक मित्रांना दोन्ही उपयोगी पडेल असे वाटल्याने ते येथे मांडत आहे.

माती नव्हे, सुरखी

'लाल माती' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तालमीतली तांबडी माती येते. पॅरिसच्या कोर्टावर पसरलेला पदार्थ तसा नाही. ती भाजलेल्या विटांची चाळलेली भुकटी असते. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या बांधकामात चुन्यात मिसळण्यासाठी हीच भुकटी वापरत, तिला सुरखी म्हणतात.

माती आणि सुरखी यांत मोठा फरक आहे. कुंभाराने घडवलेला कच्चा माठ पाण्यात ठेवला, तर काही वेळाने त्याचा पुन्हा चिखल होतो. तोच माठ भट्टीतून भाजून निघाला, की पाणी धरून ठेवतो. चिकणमातीच्या खनिजांमध्ये काही पाणी रासायनिक बंधांनी बांधलेले असते. भट्टीचे तापमान साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की हे पाणीही निघून जाते आणि खनिजांची रचनाच बदलते. नेहमीच्या परिस्थितीत हा बदल उलटा होत नाही. म्हणून वीट कितीही बारीक कुटली आणि कितीही भिजवली, तरी तिची चिकणमाती होत नाही. तिचे कण ओले होतात, पण एकमेकांना चिकटून लोळा बनत नाही. विटेचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा.

पुतणीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले. मात्र हे लोक विटांच्या भुकटीवर टेनिस का खेळू लागले, हे कळण्यासाठी सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते.

करपलेले गवत

आधुनिक टेनिस इंग्लंडमध्ये हिरवळीवर वाढले. तेथील पावसाळी, थंड हवेत गवत जोमाने वाढते. इंग्रज श्रीमंत मंडळी हिवाळ्यात उबेसाठी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर जात, तेव्हा आपला खेळही बरोबर नेत. पण भूमध्य समुद्राकाठच्या उन्हात हिरवळ टिकेना. विम्बल्डन गाजवणारे विल्यम आणि अर्नेस्ट रेन्शॉ हे जुळे भाऊ कान शहरात खेळत असत. १८८० च्या सुमारास त्यांनी करपलेल्या गवतावर जवळच्या व्हालोरिस गावातील फुटक्या मडक्यांची भुकटी पसरून पाहिली, असे सांगतात. व्हालोरिस हे कुंभारांचे गाव, तेथे खापरांना तोटा नव्हता. टाकाऊ खापरांच्या भुकटीने उन्हाचा प्रश्न सुटला आणि चेंडू स्पष्ट दिसू लागला. पुढे मडक्यांची जागा विटांनी घेतली आणि अशी कोर्टे युरोपभर पसरली.

त्या काळच्या नोंदी वाचणाऱ्याने एका गोष्टीबद्दल सावध राहावे. आज 'हार्ड कोर्ट' म्हणजे सिमेंट किंवा डांबरावर कृत्रिम लेप दिलेले कोर्ट. तेव्हा मात्र गवत नसलेल्या, म्हणजे विटांच्या भुकटीच्या कोर्टालाही इंग्रज 'हार्ड कोर्ट' म्हणत. पॅरिसजवळ सँ-क्लू येथे १९१२ मध्ये सुरू झालेली 'जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा' ही आजच्या भाषेत 'क्ले कोर्ट'वरची स्पर्धा होती. शब्द तोच राहतो आणि अर्थ बदलतो, असे विज्ञानाच्या इतिहासातही पुष्कळदा घडते.

फ्रान्सची राष्ट्रीय स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. तीत केवळ फ्रेंच क्लबांचे सभासद खेळू शकत. पहिला विजेता मात्र पॅरिसमध्ये राहणारा एक ब्रिटिश होता. महिलांचे सामने १८९७ पासून सुरू झाले. सर्व देशांतील हौशी खेळाडूंना स्पर्धेची दारे उघडली ती १९२५ मध्ये. पहिली तीन वर्षे ती पॅरिस परिसरातील दोन क्लबांच्या मैदानांवर होत होती, कारण तिला स्वतःचे मैदान नव्हते.

एका करंडकासाठी

ते मैदान मिळाले एका वेगळ्याच कारणाने. झाँ बोरोत्रा, झाक ब्रुन्याँ, आँरी कोशे आणि रने लाकोस्त हे चार फ्रेंच खेळाडू 'चार मस्केटियर' म्हणून ओळखले जात. १९२७ मध्ये फिलाडेल्फिया येथे फ्रान्सने अमेरिकेला ३-२ असे हरवून डेव्हिस करंडक पहिल्यांदा जिंकला. विजेत्याने पुढच्या वर्षी आपल्या देशात आव्हान स्वीकारायचे, असा तेव्हाचा नियम होता. हजारो प्रेक्षक मावतील असे टेनिसचे मैदान पॅरिसमध्ये नव्हते आणि हाती वर्षभरही वेळ नव्हता.

'स्ताद फ्राँसे' या क्लबने पोर्त दोतय भागातील सुमारे तीन हेक्टर जमीन देऊ केली, पण एका अटीवर. मैदानाला रोलाँ गारोस याचे नाव द्यायचे. ही अट घालणारे क्लबचे अध्यक्ष एमिल लझियर हे गारोसचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. अट मान्य झाली आणि काही महिन्यांत मैदान उभे राहिले. जुलै १९२८ मध्ये तेथे फ्रान्सने अमेरिकेला ४-१ असे नमवले आणि १९३२ पर्यंत करंडक पॅरिसमध्येच राहिला.

हा रोलाँ गारोस टेनिसपटू असणार, असे अनेकांना वाटते. तो होता वैमानिक. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर ६ ऑक्टोबर १८८८ रोजी त्याचा जन्म झाला. २३ सप्टेंबर १९१३ रोजी त्याने दक्षिण फ्रान्समधील फ्रेझ्यूस येथून उड्डाण केले आणि जवळजवळ आठ तासांनी तो ट्युनिशियातील बिझर्ट येथे उतरला. कोठेही न थांबता भूमध्य समुद्र विमानाने ओलांडणारा तो पहिला माणूस.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. नाकावर पंखा असलेल्या विमानातून समोर गोळ्या झाडाव्यात तर आपलाच पंखा फुटतो, ही तेव्हाची अडचण होती. गारोसच्या विमानाच्या पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवण्यात आल्या. पात्यावर आदळणारी गोळी त्यामुळे बाजूला उडे, बाकीच्या पलीकडे जात. एप्रिल १९१५ मध्ये त्याने याच पद्धतीने तीन जर्मन विमाने पाडली. १८ एप्रिलला त्याला शत्रूच्या हद्दीत उतरावे लागले आणि तो विमानासह पकडला गेला. काही महिन्यांतच फोकर यांच्या कारखान्यातील विमाने अधिक चांगली युक्ती घेऊन आली. पाते बंदुकीसमोर असताना गोळी सुटूच नये, अशी यंत्रणा त्यांच्यात होती. फोकर यांनी गारोसची नक्कल केली असे पुष्कळदा लिहिले जाते, पण दोन्ही युक्त्यांमागची तत्त्वे वेगळी आहेत. पहिलीत गोळी पात्याला लागते आणि वळवली जाते. दुसरीत बंदूक पंख्याच्या फिरण्याशी जुळवून घेते आणि या कल्पनेवर युद्धापूर्वीपासून काम चालू होते.

गारोस फेब्रुवारी १९१८ मध्ये कैदेतून निसटला, पुन्हा विमानदळात गेला आणि ५ ऑक्टोबर १९१८ रोजी हवाई लढाईत मारला गेला. दुसऱ्या दिवशी त्याला तीस वर्षे पूर्ण झाली असती. युद्ध संपायला पाच आठवडे राहिले होते.

पाणी कोठे असते?

आता पुतणीच्या प्रश्नाच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे वळू. रोलाँ गारोसच्या कोर्टावर सुरखीचा थर किती जाड असेल? केवळ एक ते दोन मिलिमीटर! तिच्याखाली सहा-सात सेंटिमीटर पांढऱ्या चुनखडीचा बारीक चुरा असतो. त्याखाली सात-आठ सेंटिमीटर कोळसा जळून उरलेली सच्छिद्र खंगर, त्याखाली सुमारे तीस सेंटिमीटर खडी आणि तळाशी पाण्याचा निचरा करणारे दगड.

एक सोपे गणित करू. टेनिस कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद, म्हणजे सुमारे २६१ चौरस मीटर. दोन मिलिमीटर थराला सुरखी लागेल जेमतेम अर्धा घनमीटर. सात सेंटिमीटर थराला चुनखडी लागेल १८ घनमीटरांहून अधिक. डोळ्यांना लाल दिसणाऱ्या या कोर्टात चुनखडी सुरखीच्या पस्तीस पट आहे. चेंडू खरे तर दाबून घट्ट केलेल्या या चुनखडीवरच उसळतो.

पाण्याचा साठाही चुनखडीच्या थरातच असतो. तिच्या कणांमधील बारीक पोकळ्या केशनलिकांसारखे काम करतात. मारलेले पाणी त्यांत धरून राहते आणि उन्हाने वरचा थर सुकू लागला, की केशाकर्षणाने हळूहळू वर येते. त्या ओलाव्याने सुरखीचे कण जागेवर राहतात. जास्तीचे पाणी खंगर आणि खडीतून खाली निघून जाते. म्हणून रिमझिम पावसात खेळ काही काळ चालू शकतो आणि कडक उन्हात मात्र पाणी मारावे लागते. ओल गेली की सुरखी वाऱ्याने उडते आणि पाय घसरतात. हे कोर्ट पावसापेक्षा दुष्काळाला अधिक भिते, असे म्हणायला हरकत नाही.

पाण्याच्या प्रमाणावर खेळाचा वेग ठरतो, हे जाणकारांच्या फार पूर्वीच लक्षात आले होते. १९३२ च्या डेव्हिस करंडकाच्या लढतीपूर्वी अमेरिकेच्या एल्सवर्थ व्हाइन्सचे वेगवान फटके मंदावावेत म्हणून फ्रेंचांनी कोर्ट भरपूर भिजवले होते, असे अमेरिकी वृत्तान्तांत सांगितले जाते. पहिल्याच दिवशी बोरोत्राने व्हाइन्सला हरवले, एवढे मात्र नोंदलेले आहे.

उसळीचे गणित

या कोर्टावर चेंडू 'हळू' होतो म्हणजे नेमके काय होते? समजा, सेकंदाला ३० मीटर वेगाने येणारा, स्वतःभोवती न फिरणारा चेंडू जमिनीशी १६ अंशांचा कोन करून आदळला. त्याचा आडवा वेग सेकंदाला २८.८ मीटर आणि उभा वेग ८.३ मीटर होईल. हिरवळीसाठी घर्षण गुणांक ०.६ आणि उसळीचा गुणांक ०.७५ धरू. सुरखीच्या कोर्टासाठी हेच आकडे ०.८ आणि ०.८५ धरू.

हिरवळीवर चेंडू घसरत जातो. घर्षणाने कमी होणारा आडवा वेग म्हणजे ०.६ × (१ + ०.७५) × ८.३, म्हणजे सुमारे ८.७. उरला सेकंदाला २०.१ मीटर. सुरखीवर घर्षण इतके जास्त असते, की घसरता घसरता चेंडू मध्येच गडगडू लागतो. पोकळ चेंडूच्या बाबतीत तेव्हा मूळ आडव्या वेगाचा साधारण ६५ टक्के भाग उरतो, म्हणजे सुमारे १८.६ मीटर. उभा वेग हिरवळीवर ६.२ आणि सुरखीवर ७ मीटर उरतो. हवेचा विरोध सोडून दिला, तर चेंडू हिरवळीवर सुमारे दोन मीटर आणि सुरखीवर अडीच मीटर उंच जाईल.

आडव्या वेगात थोडी घट आणि उंचीत अर्ध्या मीटरची वाढ, एवढाच हा फरक. पण त्यामुळे समोरच्या खेळाडूला चेंडूपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. एका जोरकस फटक्यात गुण संपत नाही, तो पुन्हा पुन्हा कमवावा लागतो. दमसास, धीर आणि आखणी यांना येथे भाव येतो. पीट सॅम्प्रसने एकेरीत एकूण १४ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली, पण त्यांत पॅरिसचे एकही नाही. राफाएल नदालने २००५ ते २०२२ या काळात १४ विजेतेपदे एकट्या पॅरिसमध्येच मिळवली. तेथे त्याने ११२ सामने जिंकले आणि केवळ ४ गमावले. चेंडूला पुढच्या दिशेने जबरदस्त फिरकी देण्याची त्याची पद्धत या उसळीला अगदी अनुकूल होती. भारतीयांनाही हे मैदान लाभले आहे. महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीसह १९९७ मध्ये मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले, ते येथेच. ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय. १९९९ मध्ये त्याने लिअँडर पेससह पुरुष दुहेरीही जिंकली.

उमटलेली खूण

सुरखीचा आणखी एक गुण विज्ञानाच्या शिक्षकाला फार आवडेल. चेंडू जेथे टेकतो तेथे खूण उमटते. वाद झाला, की पंच खुर्चीवरून उतरतात, खूण शोधतात आणि ती रेषेला लागली आहे की नाही ते पाहून निर्णय देतात. इतर मोठ्या स्पर्धा कॅमेऱ्यांवर आधारित निर्णयांकडे वळल्या, तरी २०२५ मध्येही फ्रेंच स्पर्धेत रेषांवरचे पंच आणि सुरखीवरची खूण कायम होती.

पण पुरावा समोर असला तरी तो वाचावा लागतो. खूण कोणत्या चेंडूची, हे आधी ठरवावे लागते आणि तो ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हेही. १९९९ च्या महिलांच्या अंतिम सामन्यात मार्टिना हिंगिस पहिला सेट जिंकून दुसऱ्यात २-० अशी पुढे होती. तिचा एक फटका बाहेर गेल्याचा निर्णय झाला. तो न पटल्याने खूण दाखवायला ती जाळीच्या पलीकडे स्टेफी ग्राफच्या बाजूला गेली. नियमाने हे निषिद्ध असल्याने तिचा एक गुण कापला गेला. प्रेक्षक तिच्या विरोधात गेले, तिचा तोल सुटला आणि ग्राफने सामना ४-६, ७-५, ६-२ असा जिंकला.

सेट संपला, की कामगार जाळीदार चटई ओढत कोर्टभर फिरतात. सगळ्या खुणा पुसल्या जातात आणि पृष्ठभाग पुन्हा एकसारखा तांबडा दिसू लागतो.

या मैदानावरची एक खूण मात्र पुसली जाऊ नये. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच सरकारने अनेक 'नकोशा' परदेशी लोकांना पकडून याच मैदानात डांबले. त्यांत हिटलरच्या राजवटीतून जीव वाचवून आलेलेही होते. लेखक आर्थर कोस्लर त्यांपैकी एक. पुढे १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने प्रेक्षकांच्या सज्जांखाली काढलेल्या त्या दिवसांबद्दल लिहिले. युद्धकैदेतून निसटलेल्या माणसाचे नाव दिलेल्या मैदानाचीच छावणी झाली. १९३८ आणि १९३९ मध्ये येथे विजेती ठरलेली सिमॉन मात्यू पुढच्याच वर्षी लंडनला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्याची महिला तुकडी उभारू लागली. तिच्या नावाचे कोर्ट येथे तयार झाले ते २०१९ मध्ये.

वर्गात करून पाहण्यासाठी

एका भांड्यात वाळलेल्या चिकणमातीचे ढेकूळ आणि दुसऱ्यात तेवढाच विटेचा तुकडा पाण्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. विटेचा कोरडा तुकडा आधी तोलून, मग भिजवून पुन्हा तोलला, तर तिने किती पाणी शोषले तेही कळेल. टेनिसचा चेंडू एक मीटर उंचीवरून सिमेंट, मुरूम, गवत आणि वाळू यांवर सोडून तो किती उंच येतो ते मोजावे. या दोन उंचींच्या गुणोत्तराचे वर्गमूळ म्हणजेच उसळीचा गुणांक. मुलांनी काढलेले आकडे वर दिलेल्या आकड्यांशी जुळले नाहीत, तर अधिकच चांगले. का जुळले नाहीत, यावर एक तास सहज रंगेल.

माझ्या पुतणीला मी पत्राने उत्तर कळवले. 'चिखल होत नाही, कारण ती माती नाही. आणि पाणी मारतात, कारण ते कोर्ट खरे तर खालच्या पांढऱ्या थरावर उभे आहे.' तिचे उलट उत्तर आले, 'मग त्याला लाल माती का म्हणतात?' मी लिहिले, 'वरून तशी दिसते म्हणून.' या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या पुढच्या पत्रावरून कळले. तिने आपल्या शाळेच्या मैदानात हातभर खड्डा खणला होता आणि कोणत्या थरात काय सापडले, त्याची यादी मला पाठवली होती.